तिसरी गाय कशाला?



आज मी आपल्याला काही संशोधनांच्या हकिकती सांगणार आहे. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, पांढरे झगे आणि गंभीर चेहरे उभे राहतात, आणि ऐकणाऱ्याचा हात हळूच रेडिओच्या बटणाकडे जातो. थोडे थांबा. आजच्या हकिकतींत गाई आहेत, सिंह आहेत, हत्ती आहे, टोपी घातलेला शेणकिडा आहे आणि हवेत तरंगणारा एक बेडूकही आहे. ऐकून हसू आले तर खुशाल हसा. ज्यांनी ही कामे केली तेही हसतात.

पहिली हकिकत जपानची. तिथल्या आइची प्रांतात एक शेती-संशोधन केंद्र आहे. त्या केंद्रातल्या तोमोकी कोजिमा यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा काळ्या गाई घेतल्या आणि त्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढून त्यांना झेब्र्याचे रूप दिले. आपल्या गावात कोणी असा उद्योग केला तर पारावर आठ दिवस दुसरा विषय निघायचा नाही. कोणी म्हणेल, ‘शिकून शिकून डोकं फिरलं याचं.’ कोणी त्याच्या वडिलांच्या कानावर घालून येईल.

पण कोजिमांचा हिशेब साधा होता. रक्त पिणाऱ्या माश्या गुरांना किती छळतात, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला मी सांगायला नको. माशी बसली की गाय शेपूट उडवते, कान फडकावते, पाय आपटते, कातडी थरथरवते. तिचे निवांत चरणे आणि रवंथ करणे राहते बाजूला. त्याचा परिणाम दुधावर होतो, वजनावर होतो. औषध फवारावे तर पैसा लागतो, आणि काही दिवसांनी माश्या त्या औषधालाही दाद देईनाशा होतात. आता आफ्रिकेतल्या झेब्र्याच्या अंगावर माश्या कमी बसतात, आणि हा गुण त्याच्या पट्ट्यांचा असावा, असे प्राणिशास्त्रज्ञ बरीच वर्षे म्हणत आले होते. मग गाईला पट्टे दिले तर?

पट्टे दिले आणि माश्या मोजल्या. पट्टेवाल्या गाईच्या अंगावर त्या निम्म्याहूनही कमी भरल्या. शेपूट उडवणे, पाय आपटणे हेही मोजले होते. तेही कमी झाले. २०१९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

इथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, वा, छान, पट्टे ओढले आणि माश्या पळाल्या. पण माझ्या मते या हकिकतीतली खरी गंमत अजून यायची आहे. गाईंची रूपे दोन नव्हती, तीन होती. एक साधी काळी गाय. दुसरी, पांढऱ्या पट्ट्यांची. आणि तिसरी? तिसऱ्या गाईच्या काळ्या अंगावर काळ्याच रंगाचे पट्टे ओढले होते!

काळ्या गाईला काळे पट्टे! पांढऱ्या पट्ट्यांना हसणारा माणूस इथे कपाळाला हात लावील. दिसणारसुद्धा नाहीत असे पट्टे ओढण्यात मतलब काय?

मतलब असा. रंगाला वास असतो. समजा, माश्या पट्ट्यांना फसल्याच नाहीत, रंगाच्या वासानेच दूर राहिल्या, तर? तर मग ‘पट्ट्यांनी माश्या जातात’ हे म्हणणे खोटे ठरले असते. म्हणून ही तिसरी गाय. तिला रंगाचा वास आहे, रंग लावताना झालेली हाताळणी आहे, सगळे आहे; फक्त पांढरे-काळे पट्टे दिसत नाहीत. या तिसऱ्या गाईवर माश्या जवळजवळ साध्या गाईइतक्याच बसल्या. म्हणजे वासाचा काही गुण नव्हता. गुण पट्ट्यांचाच. शिवाय कोणती गाय मुळातच माश्यांना जास्त आवडते अशी शंका राहू नये म्हणून सहाही गाईंना वेगवेगळ्या दिवशी तिन्ही रूपे दिली होती. साध्या गाईचीच पुढे पट्ट्यांची झाली आणि पट्ट्यांचीच तिसरी झाली.

ही तिसरी गाय आज आपण लक्षात ठेवू. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे. कधी गाईच्या रूपात, कधी भलत्याच.

कोजिमांच्या या कामाला २०२५ साली ‘इग नोबेल’ नावाचे पारितोषिक मिळाले. नोबेल पारितोषिक आपण ऐकलेले आहे. त्याचेच हे चेष्टेखोर धाकटे भावंड. ‘इग्नोबल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ हलका, हीन. त्यावरची ही कोटी आहे. अमेरिकेत मार्क अब्राहम्स नावाचे गृहस्थ विज्ञानातल्या विनोदाचे एक नियतकालिक चालवतात. त्यांनी १९९१ साली हा प्रकार सुरू केला. जे संशोधन माणसाला आधी हसवते आणि मग विचार करायला लावते, त्याला हे पारितोषिक. ते देण्यासाठी खरेखुरे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ येतात. बक्षिसाची रक्कम म्हणून काही वर्षे दहा लाख कोटी झिंबाब्वे डॉलरची एक नोट देत असत. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका. त्या देशात चलनाची अशी काही घसरण झाली होती, की त्या नोटेला मूठभर चणेही आले नसते. त्या समारंभातली एक प्रथा मला फार आवडते. वक्त्याचे भाषण लांबले की एक लहान मुलगी त्याच्यापुढे जाऊन उभी राहते आणि म्हणत राहते, ‘कृपा करून थांबा, मला कंटाळा आला आहे.’ ही प्रथा आमच्या कॉलेजांत अजून आलेली नाही. विद्यार्थ्यांना कळवू नये ही विनंती.

तर ती तिसरी गाय.

माझा एक मावसभाऊ शेतकरी आहे. चार दुभती जनावरे आहेत. एका वर्षी आठवड्याच्या बाजारात त्याला एक पावडर मिळाली. ‘चारा-पाण्यातून द्या, महिन्यात दूध वाढेल.’ डबा स्वस्त नव्हता, पण त्याने घेतला. आणि दूध खरेच वाढले! त्याने आणखी दोन डबे आणले, शेजाऱ्यालाही घ्यायला लावले. मी गावी गेलो तेव्हा तो मला म्हणाला, ‘दादा, तुम्ही शिकलेली माणसं विश्वास ठेवणार नाही, पण मी डोळ्यांनी बघितलंय.’ मी त्याला इतकेच विचारले, ‘डबा कोणत्या महिन्यात आणलास?’ तर जूनच्या अखेरीला. पाऊस पडून बांधावर हिरवे गवत आले होते. उन्हाळाभर कडबा चघळलेल्या जनावराला हिरवा चारा मिळाला होता. आता दूध पावडरीने वाढले की गवताने? त्याच्यापाशी याचे उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. कारण चारही जनावरांना त्याने पावडर दिली होती. दोघींना दिली असती, दोघींना नुसते पीठ कालवून दिले असते, आणि महिनाभर माप वहीत लिहिले असते, तर डब्याचे पैसे वसूल की बुडीत हे त्याचे त्यालाच कळले असते. त्याला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती, तिसऱ्या गाईची होती.

आजकाल हे डबे बाजारातच येतात असेही नाही. मोबाईलवर रोज सकाळी एखादा निरोप येतो, ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की...’ आणि पुढे काहीही. शिक्षकबंधूंनो, मुले तो निरोप घेऊन तुमच्याकडे येतात. ‘गुरुजी, हे खरं का?’ दर वेळी खरे-खोटे आपल्याला ठाऊक असेलच असे नाही. पण ‘यात तिसरी गाय कुठे आहे?’ एवढा प्रश्न तरी आपण विचारू शकतो.

पट्ट्यांची गोष्ट निघालीच आहे तर इंग्लंडची एक हकिकत सांगून टाकतो. तीही २०१९ सालचीच. टिम कॅरो आणि मार्टिन हाऊ या संशोधकांनी घोड्यांना झुली घातल्या. एक झूल काळी, एक पांढरी, एक झेब्र्यासारखी पट्ट्यांची. पोळ्याला आणि बेंदराला बैलांच्या पाठीवर झूल घालणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही! पट्ट्यांच्या झुलीवर माश्या फार थोड्या बसल्या. इथे तिसरी गाय कोणती, ओळखा पाहू. घोड्याचे डोके! डोक्यावर झूल नव्हती. आणि तिन्ही झुलींच्या घोड्यांच्या उघड्या डोक्यांवर माश्या सारख्याच बसत होत्या. म्हणजे पट्ट्यांची झूल घातलेल्या घोड्याकडे माश्या येत होत्याच, पण जिथे पट्टे होते तिथे त्यांना नीट उतरता येत नव्हते. चलत्-चित्रे घेऊन पाहिले तेव्हा दिसले, की पट्ट्यांजवळ येताना माशी आपला वेग कमी करत नाही. ती पुढे निघून जाते, नाहीतर आदळून परत फिरते.

आता सिंहांकडे वळू. आफ्रिकेत बोट्स्वाना नावाचा देश आहे. तिथे ओकावांगो नदीच्या पाणथळ प्रदेशाच्या कडेला गुराखी राहतात आणि जवळच्या रानात सिंह राहतात. सिंह गुरे मारतो, गुराखी चिडून सिंहाला मारतो, दोघांचेही नुकसान. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या नील जॉर्डन यांनी एकदा पाहिले, की दबा धरून बसलेल्या सिंहाकडे हरणाने वळून पाहिले की सिंह शिकार सोडून देतो. आपण दिसलो, आता उपयोग नाही, असे त्याला वाटत असावे. यावरून जॉर्डनना सुचले, की गाईच्या ढुंगणावरच दोन डोळे रंगवले तर? मागून येणाऱ्या सिंहाला वाटेल, हिने पाहिले आपल्याला!

हसलात ना? मीही हसलो होतो. पण आता आकडे ऐका. चार वर्षे, १४ कळप, एकूण २,०६१ गुरे. त्यांतल्या ६८३ गुरांच्या मागच्या अंगावर डोळे काढले. ८३५ तशीच ठेवली. आणि ५४३ गुरांवर डोळ्यांऐवजी नुसत्या फुल्या काढल्या. या फुल्या कशासाठी, हे आता मी सांगायची गरज नाही. ती तिसरी गाय. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. काहीच न काढलेल्या गुरांपैकी १५ मारली गेली. फुलीवाल्यांपैकी ४. डोळेवाल्यांपैकी एकही नाही.

या आकड्यांतला फुल्यांचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. फुलीनेसुद्धा थोडा फायदा झालेला दिसतो, म्हणजे अंगावर काही अनोळखी खूण दिसली की सिंह थोडा बिचकत असावा. नुसते डोळे आणि कोरी गुरे अशी तुलना केली असती तर ही गोष्ट कळलीच नसती, आणि सगळे श्रेय डोळ्यांना गेले असते. संशोधकांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. प्रत्येक कळपात कोरी गुरेही होती. सिंहाला दुसरा पर्याय होता. सगळ्याच गुरांना डोळे काढले तर काय होईल, आणि काही वर्षांनी सिंह ही लबाडी ओळखतील का, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. आपल्याकडेही सुंदरबनात १९८६ च्या सुमारास जंगलात जाणाऱ्या लोकांनी वाघाला चकवण्यासाठी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधून पाहिले होते. कल्पना तीच. मात्र हे ऐकून कोणी बिबट्यासाठी बकऱ्यांच्या मागे डोळे काढून निर्धास्त झोपू नये. जे पाहिले ते सिंहावर आणि गाईवर. बकऱ्यांना रात्री पक्का गोठाच हवा.

गाईंचीच आणखी एक हकिकत आहे, आणि ती आपल्या आयाबहिणींना फार आवडेल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात कॅथरीन बर्टनशॉ आणि पीटर रोलिन्सन यांनी ५१६ गोपालकांना प्रश्न विचारले. त्यातला एक प्रश्न होता, तुम्ही गाईंना नावाने हाक मारता का? हिशेब केला तेव्हा दिसले, की जिथे गाईंना नावे आहेत तिथे एका गाईचे दूध वर्षाकाठी सुमारे २५८ लिटर जास्त भरते. २००९ साली या कामालाही इग नोबेल मिळाले.

आपल्याकडे गाईला नाव नाही असे घर विरळाच. कपिला, तांबू, ढवळी, चांदी. आमची आजी तर गाईला हाक मारी तेव्हा घरातल्या सुनाही ओ देत, इतकी नावांची सरमिसळ होती. तेव्हा हा निष्कर्ष ऐकून आपली मान ताठ व्हायला हरकत नाही. पण थांबा. यात तिसरी गाय कुठे आहे?

नाही! इथे कोणी निम्म्या गाईंना नावे ठेवून निम्म्या नुसत्या नंबरावर ठेवलेल्या नाहीत. लोकांना विचारले आणि उत्तरे मांडली. आता गाईला नाव कोण ठेवतो? ज्याच्या गाई थोड्या, जो रोज प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवतो, जिने वैरण टाकली नाही तर ज्याच्या लगेच ध्यानात येते, तो. मग दूध नावाने वाढले की त्या हाताने? संशोधकही असे म्हणत नाहीत, की नाव हा काही मंत्र आहे. माणसाची भीती नसलेली गाय शांतपणे पान्हा सोडते, आणि नाव हे त्या जवळिकीचे लक्षण असावे, असा त्यांचा रोख आहे. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र ‘नाव ठेवा, दूध वाढवा’ या वळणाचे होते. संशोधनात आणि त्याच्या बातमीत असे अंतर पडते, आणि ते अंतर ओळखणे हे आता आपल्याच माथी आलेले आहे.

आता शेणाकडे येतो. रेडिओवर शेणाचे नाव काढले म्हणून नाक मुरडू नका. खेड्यातल्या श्रोत्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. शेणाचा गोळा करून तो ढकलत नेणारा किडा आपण लहानपणी पाहिलेला असेल. मागचे पाय गोळ्यावर, डोके खाली, आणि स्वारी उलटी चाललेली. एक गोष्ट आपल्या लक्षात आली होती का? तो सरळ रेषेत जातो. त्याला तसे जावेच लागते. शेणाच्या पोवावर अनेक किडे जमलेले असतात. गोल फिरून पुन्हा तिथेच आला तर दुसरा कोणी गोळा हिसकावून घेतो. पण उलटा चालणारा, खाली डोके असलेला किडा अंधाऱ्या रात्री दिशा कशी राखतो?

स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सोबत्यांनी दक्षिण आफ्रिकेत हे पाहिले. चंद्र असेल तर त्याच्या उजेडावर किडा दिशा धरतो, हे त्यांना आधी कळले होते. पण चंद्र नसलेल्या निरभ्र रात्रीही किडे सरळ जात. तेव्हा त्यांनी किड्यांना काळ्या पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या घातल्या, म्हणजे वरचे आकाश दिसू नये. टोपीवाले किडे भरकटले, वेड्यावाकड्या वाटेने फिरत राहिले. आता आपण विचाराल, आणि विचारलेच पाहिजे, की टोपीच्या ओझ्यानेच बिचारे गोंधळले नसतील कशावरून? शाबास. म्हणून काही किड्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या होत्या. ओझे तेच, पण आकाश दिसते. ते सरळ गेले. काय ही तिसरी गाय!

पुढे त्यांनी हे किडे जोहान्सबर्गच्या तारांगणात नेले. सारे तारे दाखवले, मग तारे घालवून फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला. तेवढ्या पट्ट्यावरही किडे आपली वाट जवळपास तशीच काटत होते. आकाशगंगा पाहून वाट धरणारा प्राणी म्हणून सिद्ध झालेला हा पहिला. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला इग नोबेलही मिळाले. मारुतीच्या देवळामागच्या उकिरड्यावर गोळा ढकलणाऱ्या किड्याच्या कोणा आफ्रिकी भाऊबंदाला आकाशगंगा दिसते, हे कळल्यापासून मी शेणकिड्याला पाय लावत नाही.

‘ठीक आहे, पण उपयोग काय?’ असा प्रश्न दर वेळी येतो. त्याला ऑस्ट्रेलियाने दिलेले उत्तर मोठे आहे. त्या खंडात १७८८ साली युरोपी लोकांनी पहिल्यांदा गुरे नेली. तिथले शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांवर जगणारे. गाईच्या पातळ पोवाशी त्यांना काही करता येईना. शेण कुरणात जागच्या जागी वाळून राहू लागले, त्याखालचे गवत मरू लागले, आणि शेणात माश्यांची पैदास माजली. जॉर्ज बोर्नेमिसा हे हंगेरीचे कीटकशास्त्रज्ञ १९५१ च्या सुमारास तिथे गेले आणि त्यांनी शेणाचे हे ढीग पाहून प्रश्न विचारला, इथले किडे कुठे आहेत? १९६५ पासून वीसेक वर्षे आफ्रिकेतून आणि युरोपातून शेणकिडे आणून तिथे सोडण्यात आले. शेण जमिनीत गाडले जाऊ लागले, खत झाले. आपल्या शेतात हे काम फुकट होते म्हणून त्याची किंमत कळत नाही. जिथे ते होत नव्हते तिथे देशाने त्यासाठी तिजोरी उघडली.

आपल्या देशाचाही या चेष्टेखोर पारितोषिकांत वाटा आहे. केरळच्या कृषी विद्यापीठातल्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांनी हत्तीच्या अंगाचे एकूण क्षेत्रफळ कसे काढावे यावर १९९० साली निबंध लिहिला. २००२ साली त्यांना गणिताचे इग नोबेल मिळाले. हत्तीला काय कापड शिवायचे आहे, असे कोणी विचारील. पण शरीरातली उष्णता कातडीवाटे बाहेर जाते, आणि एवढ्या मोठ्या जनावराच्या शरीराचा कारभार समजून घ्यायचा तर कातडी किती हे ठाऊक असावे लागते. आता हत्तीला टेप गुंडाळून मापणे कोणाला जमणार? म्हणून त्यांनी असे सूत्र बसवले, की हत्तीची उंची आणि पुढच्या पावलाचा घेर एवढी दोन मापे घेतली की क्षेत्रफळाचा अंदाज निघतो. पुढच्या पावलाच्या घेराच्या दुप्पट म्हणजे साधारण हत्तीची उंची, हा हिशेब माहुतांनाही पूर्वीपासून अवगत आहे. बंगलोरच्या मानसिक आरोग्य संस्थेतल्या चित्तरंजन आंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांनी शाळेतल्या २०० मुलामुलींना नाकात बोट घालण्याविषयी विचारले, त्यांना २००१ साली बक्षीस मिळाले. जवळजवळ सगळ्यांनी कबुली दिली. सर्वसाधारण प्रमाण दिवसाला चार वेळा. शिक्षकांना यात नवीन काही नाही, त्यांनी फक्त मोजले नव्हते.

बेडकाचे सांगायचे राहिले. नेदरलँड्समधल्या नायमेखन गावी आंद्रे गाइम नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. त्यांची एक खोड होती. शुक्रवारी संध्याकाळी नेमून दिलेले काम बाजूला ठेवून भलतेसलते करून पाहायचे. अशाच एका संध्याकाळी त्यांनी एका अति प्रबळ चुंबकाच्या पोकळीत सरळ पाणी ओतले. पाणी खाली पडलेच नाही! त्याचे गोळे हवेत तरंगत राहिले. पाण्याला चुंबक अगदी किंचित दूर ढकलतो. चुंबक पुरेसा जबर असला की तेवढ्या ढकलण्यानेही पाण्याचे वजन तोलले जाते. बेडकाच्या अंगात बहुतेक पाणीच. १९९७ साली त्यांनी जिवंत बेडूक तरंगवून दाखवला. बेडकाला काही इजा झाली नाही. २००० साली मायकेल बेरी यांच्यासह त्यांना इग नोबेल मिळाले. पुढे अशाच शुक्रवारच्या नादातून त्यांनी आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी इंग्लंडमध्ये २००४ साली साध्या चिकटपट्टीने शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे थर उचलत उचलत एका अणूइतका पातळ पापुद्रा वेगळा केला. त्याला ग्राफीन म्हणतात. २०१० साली या कामाला नोबेल मिळाले, खरेखुरे. दोन्ही पारितोषिके स्वतःच्या नावावर मिळवणारे गाइम हे पहिले.

आता शिक्षकांसाठी एक उद्योग सुचवतो. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आसपास, माश्यांचा हंगाम असताना, गावातली तीन काळी किंवा गडद रंगाची जनावरे निवडा. म्हैस नको, ती डबक्यात जाऊन बसेल आणि तुमचा प्रयोग धुऊन टाकील. खडूची पूड पाण्यात कालवून एकीच्या अंगावर पांढरे पट्टे ओढा. चुना मात्र वापरू नका, कातडी भाजते. दुसरीला तिच्या अंगाच्या रंगाच्या ओल्या मातीचे तसेच पट्टे ओढा. तिसरी तशीच राहू द्या. मुलांच्या तीन टोळ्या करा, आणि दहा मिनिटांत शेपूट किती वेळा उडाले ते मोजायला सांगा. जवळ जाऊ देऊ नका, लाथ बसेल. दुसऱ्या दिवशी रूपे बदला, तिसऱ्या दिवशी पुन्हा बदला, म्हणजे प्रत्येकीला तिन्ही रूपे मिळतील. मोजणाऱ्या टोळ्याही बदला; काही मुलांचे हात आकडे लिहिताना उदार असतात. मोबाईल असेल तर जनावराच्या एका बाजूचे चित्र घेऊन ठेवा, म्हणजे माश्या सावकाश, दोनदा मोजता येतील. पाऊस आला तर त्या दिवसाचे आकडे सोडून द्या. आणि गाईच्या मालकाला आदल्या दिवशी नीट समजावून सांगा, नाहीतर पट्टे पाहून तो तुमच्या मुख्याध्यापकांकडे जाईल.